शेवटच्या सायकलचं घड्याळ : लांब पल्ल्याच्या गटसफरीतला एक दिवस

पार्श्वभूमी

देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने निघालेला चौदा जणांचा गट, सोबत एक सपोर्ट गाडी आणि तिचा चालक. सफर एकूण चौतीस दिवसांची. इथे मांडतोय तो एकोणिसावा दिवस, १७२ किलोमीटरचा, सगळ्या सफरीतला सर्वांत लांब टप्पा. ठिकाणं, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वेळा सायकलच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घेतल्या आहेत.

त्या दिवशी मी स्वीप होतो. म्हणजे सगळ्यांत मागे राहायचं आणि शेवटच्या स्वारासोबत मुक्कामी पोचायचं, हे माझं काम. तेव्हा हे लिखाण तटस्थ नाही, आणि यातली एक चूक थेट माझ्या हातची आहे.

प्रकरण ज्यांच्याभोवती फिरतं त्यांना गटात सगळे ताई म्हणत. वय पन्नाशीचं, वजन बेताचं, वेग कमी, चिकाटी मात्र दांडगी. पहिल्या अठरा दिवसांत त्या एकदाही गाडीत बसल्या नव्हत्या. अशा सफरींत या गोष्टीला फार मान असतो. नियम कुणी लिहिलेला नसतो, पण संध्याकाळी पाय वर करून गप्पा मारताना ‘एकही किलोमीटर गाडीत नाही’ असं म्हणणाऱ्यांची एक वेगळीच पंगत बसते. एकोणिसाव्या दिवशी त्या पंगतीत पाच जण उरले होते आणि ताई त्यांतल्या एक होत्या.

आणखी एक जुनी गोष्ट इथे लागते. चौथ्या दिवशी उन्हात ताईंच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, लघवी गडद झाली होती. पाणी कमी पडलं होतं हे उघड होतं. गटप्रमुखाने काळजीपोटी त्यांना चांगलंच बजावलं. तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटरवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. तो वाजला की तीन-चार मोठे घोट घ्यायचे, तहान असो वा नसो. पंधरा दिवस आम्ही सगळे त्या शिस्तीचं कौतुक करत होतो.

ठरलं काय होतं, झालं काय

नियोजन कागदावर ठीक होतं. पहाटे ५.३० ला निघायचं, सरासरी ताशी २२ किलोमीटर, ४८, ९१ आणि १३४ व्या किलोमीटरवर थांबे, थांब्यांचा मिळून पावणेदोन तास. दुपारी तीनच्या सुमारास मुक्काम. सूर्यास्त ६.५० चा, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. आदल्या रात्रीच्या अंदाजात सकाळी दहानंतर समोरून वारा वाढेल असं दिसत होतं, म्हणूनच तर पहाटेची वेळ धरली होती.

निघताना एकाच्या मागच्या चाकाची आरी (स्पोक) तुटलेली सापडली. ती बदलून चाक सरळ करेपर्यंत ६.१५ झाले. इथे पहिला निर्णय होता आणि तो निर्णय आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. आरी बदलणारे दोघं मागे ठेवून बाकीच्यांना पुढे पाठवता आलं असतं. निदान हळू चालणाऱ्या तिघांना तरी. पण ‘सगळ्यांत मोठा दिवस, एकत्रच निघू’ असं ठरलं. ज्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी होता त्यांचीच पाऊण तासाची सुरुवात त्यात गेली.

पुढचे आठ जण ४८ व्या किलोमीटरला ८.१५ ला पोचले. ताई, आणखी दोघं आणि मी ८.५० ला. नऊ वाजता सगळे निघाले.

मागच्या स्वाराचं नेहमी हेच होतं. पुढचे पोचतात, खातात, पाय पसरतात, आणि मागचा आला की ‘चला, आले सगळे’ म्हणत उठतात. त्यांचा थांबा पाऊण तासाचा झाला, ताईंचा दहा मिनिटांचा. दुसऱ्या थांब्यावर हा फरक आणखी वाढला: त्यांना पासष्ट मिनिटं, ताईंना पंधरा. बेरीज केली तर पुढच्यांना एकशे दहा मिनिटं विश्रांती मिळाली आणि सर्वांत जास्त वेळ पेडल मारणाऱ्या बाईंना पंचवीस. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. थांब्याचं घड्याळ पहिल्या सायकलबरोबर सुरू होतं, एवढंच.

दोन्ही थांब्यांवर आम्ही पोचेपर्यंत खारं आणि भरीव खाणं जवळजवळ संपलेलं होतं. पाणी मात्र होतं, भरपूर.

दुसरा थांबा

माझ्या मते प्रकरण इथे घडलं. १२५ व्या किलोमीटरवर जे झालं तो त्याचा परिणाम.

आम्ही ९१ व्या किलोमीटरला १२.०५ ला पोचलो. आधीच्या ४३ किलोमीटरला आम्हाला तीन तास पाच मिनिटं लागली होती, म्हणजे ताशी जेमतेम १४. वारा सुरू झाला होता आणि अंदाजाप्रमाणे तो वाढणार होता. उरलेले ८१ किलोमीटर याच वेगाने काढले, तर एकदाही न थांबता संध्याकाळचे सहा वाजून गेले असते. एक अर्ध्या तासाचा थांबा धरला की सूर्यास्त. एखादं पंक्चर, थोडा वाढलेला वारा, आणि अंधार. ही बेरीज-भागाकार करायला दोन मिनिटं पुरली असती. ती मी घरी परतल्यावर केली.

वाऱ्याचं गणित सोपं आणि निर्दय आहे. ताशी ११ ने चालणाऱ्या सायकलीला ताशी २५ चा समोरचा वारा लागला, की हवेचा रेटा शांत हवेत ताशी ३६ ने जाताना असतो तेवढा होतो. पुढचे आठ जण आळीपाळीने पुढे राहून हा रेटा वाटून घेत होते. नीट आडोसा घेतला तर मागच्याची मेहनत पाव ते एक तृतीयांश वाचते. आमच्या चौघांत पुढे राहू शकणारे दोनच, आणि ताईंना दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चालवायची भीती वाटे. दोन सायकलींचं अंतर पडलं की आडोशाचा फायदा बराचसा जातो.

पर्याय काय होते? मागच्या तिघांना इथेच गाडीत घेऊन चाळीस किलोमीटर पुढे सोडणं. गाडीत सायकलींसकट तिघांची जागा होती. दुसरा, पुढच्यांतले दोन दणकट स्वार मागे घेऊन ताईंना मध्ये ठेवणं. तिसरा, टप्पाच तोडून सगळ्यांनी १३४ ला मुक्काम करणं. तो महाग आणि कटकटीचा, पण अशक्य नव्हता. चौथा, जसं चाललंय तसं चालू देणं.

गटप्रमुख निघायच्या तयारीत होता. त्याने लांबूनच विचारलं, “ताई, ठीक ना?” ताई म्हणाल्या, “ठीक.” झाला चौथा पर्याय.

‘ठीक ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं, विशेषतः तेरा जण तुमच्यासाठी खोळंबलेले असताना. “पुढचे चाळीस किलोमीटर गाडीत बसणार का?” असं विचारलं असतं, तर उत्तर ‘नाही’ असं आलं असतं तरी निदान विषय टेबलावर आला असता.

तिथे आणखी दोन खुणा दिसल्या होत्या आणि आम्ही त्या उलट वाचल्या. ताईंनी हातमोजे काढून खिशात कोंबले, “घट्ट व्हायला लागलेत” म्हणून. आणि बरोबरच्या एकीला त्या म्हणाल्या, की सकाळपासून लघवीला गेले नाही. तिने, आणि ते ऐकून मीही, एकच सल्ला दिला: मग पाणी वाढवा.

१२५ व्या किलोमीटरवर

दुपारचे ३.२५. गेला अर्धा तास ताईंची सायकल रेघ सोडून चालत होती. आधी मला तो वारा वाटला. मग मी काहीतरी चेष्टेचं बोललो आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही, दोनदा विचारल्यावर चिडून म्हणाल्या, “डोकं जड झालंय, बोलू नकोस.” त्या माझ्याशी असं कधी बोलत नसत. थांबवलं. मळमळत होतं. चेहरा किंचित सुजलेला वाटला, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वळ.

माझ्या डोक्यात दोन शक्यता आल्या. पोटात काही नाही म्हणून साखर उतरली, किंवा पाणी कमी पडलं. दिवसभर लघवी नाही, म्हणजे पाणी कमी, हे मला पक्कं वाटलं. मी माझी बाटली पुढे केली. दोन मोठे घोट गेले आणि लगेच उलटी झाली, नुसतं स्वच्छ पाणी. माझ्या हातची चूक ती ही.

मग मी पुढच्या गटातल्या एका स्वाराला फोन लावला. त्या पेशाने परिचारिका. त्यांनी तीन प्रश्न विचारले. सकाळपासून किती पाणी प्यायल्या? अंगठी, घड्याळ, मोजे घट्ट झालेत का? बोलणं सरळ आहे का? पहिल्याचं उत्तर काढायला गजरच कामी आला: पावणेनऊ तासांचं चालणं, म्हणजे पस्तीस गजर, दर वेळी साधारण पाव लिटर. आठ लिटरच्या वर. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “आता एक थेंबही देऊ नका. सावलीत बसवा. खारट काही असेल तर चघळायला द्या. दवाखान्यात न्यायचंय.”

नेमकं काय झालं होतं

शरीरातलं पाणी गरजेपेक्षा वाढलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. निरोगी माणसात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं. १३५ च्या खाली घसरलं की हायपोनेट्रेमिया. पेशींत पाणी शिरतं, बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं. मेंदूला सूज आली तर गोंधळ, झटके, क्वचित मृत्यूही. लघवी न होणं हे इथे फसवं लक्षण आहे. तासन् तासाच्या श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे पोटात लिटरच्या लिटर गेले तरी मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही.

दिवस फार गरम नव्हता. वाऱ्याने घाम लगेच वाळत होता, तोंड कोरडं पडत होतं. हळू चालणाऱ्या हलक्या माणसाला तासाला घाम कमी येतो, पण गजर सगळ्यांना सारखाच वाजतो. शिवाय तो पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाजत राहतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यात धोका जास्त होता तो धावताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. वेगवान खेळाडूंपेक्षा मागून येणाऱ्यांचा हा आजार आहे.

नंतर गटात ‘मीठ कमी पडलं’ असं सगळे म्हणू लागले. ते अर्धंच खरं. क्षारयुक्त पेयातही सोडियम रक्तापेक्षा बरंच कमी असतं. तेच आठ लिटर प्यायल्या असत्या, तरी पाणी जास्तच झालं असतं.

गाडीत बसण्याचा वाद

सपोर्ट गाडी नऊ किलोमीटर पुढे, तिसऱ्या थांब्यावर होती. ती पंधरा मिनिटांत आली आणि ताईंनी बसायला नकार दिला. “अर्धा तास बसते, मग चालवते. एकोणीस दिवस झालेत.”

गटप्रमुख फोनवर होता. त्याचं म्हणणं, प्रौढ माणूस आहे, त्यांनाच ठरवू द्या. हे म्हणणं एरवी मला मान्य आहे, आणि सफरीच्या आधी आम्ही सगळ्यांनी ते मान्यही केलं होतं. पण ज्या माणसाला आपण किती वाजता निघालो हे आठवत नाही (मी विचारून पाहिलं होतं), त्याचा नकार नकार म्हणून मोजायचा का? मी मधला मार्ग काढला. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा फोटो घेतला, नकाशात खूण केली, आणि म्हटलं, “बरं वाटलं की याच दगडापासून सुरू करू. एक मीटरही सुटणार नाही.” त्यावर त्या गप्प झाल्या, पण हलल्या नाहीत.

शेवटी चालकाने काही न बोलता त्यांची सायकल उचलून कॅरिअरवर बांधली. सायकल गेल्यावर त्याही उठल्या. हे बरोबर होतं की नाही यावर गटात आजही दोन तट आहेत. मी चालकाच्या बाजूने आहे, पण ते काम माझं होतं आणि मी ते त्याच्यावर सोडलं, हे मला टोचतं.

पुढे काय झालं

दवाखाना मागच्या दिशेला २२ किलोमीटरवर होता. परिचारिकेने चालकाच्या फोनवर चार ओळींचा मजकूर पाठवला होता: किती तास, किती पाणी, कोणती लक्षणं, आणि ‘सलाईन लावण्याआधी सोडियम तपासावं ही विनंती’. शेवटची ओळ मोलाची ठरली. दमलेला, उलट्या करणारा सायकलस्वार दिसला की पाणी कमी झालंय असं समजून बाटली लावली जाण्याची शक्यता असते, आणि अशा रुग्णात ते घातक ठरू शकतं. तपासणीत सोडियम १२७ निघालं. पाणी बंद ठेवून त्यांना देखरेखीखाली ठेवलं. रात्री लघवी मोकळी झाली, सकाळी आकडा १३६ वर आला.

इकडे गाडी उलट्या दिशेला गेल्यामुळे बाकीचे उघड्यावर पडले. मागचे दोघं आणि मी पाच वाजता १३४ ला पोचलो. तिथून भाड्याची गाडी मिळवून आम्ही साडेसातला मुक्कामी आलो. पुढच्यांतल्या सहा जणांनी तो टप्पा पूर्ण केला.

वेगळं काय करता आलं असतं

राहिलेल्या पंधरा दिवसांत आम्ही काही गोष्टी बदलल्या. सगळ्याच चालल्या असं नाही.

थांब्याचं घड्याळ आता शेवटची सायकल टेकली की सुरू होतं. पुढच्यांनी कुरकुर केली. दोन दिवसांनी ते थांब्यांवर उशिरा पोचू लागले, रमतगमत. म्हणजे नियम लागू पडला. मागच्यांचं खाणं वेगळ्या डब्यात, स्वीपच्या पिशवीत. गजर बंद, तहान लागली की प्यायचं. आणि दुपारी बाराला स्वीपने गटप्रमुखाला फोन करून तीनच आकडे सांगायचे: उरलेले किलोमीटर, गेल्या तासाचा वेग, सूर्यास्ताला उरलेले तास. मग प्रश्न ‘ठीक ना’ असा उरत नाही.

हळू चालणाऱ्यांना तासभर आधी सोडण्याचा प्रयोग बाविसाव्या दिवशी केला आणि तो फसला. अंधारात निघालेल्या तिघांतल्या एकाचा दिवा बंद पडला, आणि गाडी दोन गटांच्या मधल्या तीस किलोमीटरमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. एकच गाडी असेल तर हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. अर्ध्या तासावर आणल्यावर जमला.

स्वाराला थांबवण्याचा अधिकार स्वीपला असावा का, यावर मात्र एकमत झालं नाही. गटप्रमुखाला वाटतं, एकदा असा अधिकार दिला की तो रोज वापरला जाईल. मला वाटतं, गोंधळलेल्या माणसापुरता तरी तो हवा, आणि गोंधळ ओळखायचे दोन-तीन प्रश्न सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवावेत, म्हणजे भर रस्त्यात अपमान वाटत नाही.

ताई चोविसाव्या दिवशी परत सायकलवर आल्या. मैलाच्या दगडाकडे परत जायला त्यांनी नकार दिला. वेळ कुठे होता, म्हणाल्या. हा मसुदा मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. दुसऱ्या थांब्यावर विचारलं असतं तर त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं, असं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी त्या ओळीशेजारी पेन्सिलने लिहिलं, “हो म्हटलं असतं. सकाळपासून वाट बघत होते.” ती ओळ मी तशीच ठेवली आहे.